आठ कोटींचा नॅपकिन, एका पौंडाचा क्लब

१४ डिसेंबर २०००. बार्सिलोनातल्या एका टेनिस क्लबात जेवायला बसलेल्या मंडळींचा विषय एकच होता, अर्जेंटिनाहून आलेला १३ वर्षांचा एक बुटका मुलगा. चाचणी होऊन महिने लोटले तरी बार्सिलोना क्लबाकडून लेखी काही मिळेना, म्हणून मुलाच्या बाजूची माणसं वैतागली होती. क्लबाचे कार्लेस रेशाक यांनी शेवटी समोरचा कागदी नॅपकिन ओढला आणि त्यावरच लिहून दिलं, की ठरलेल्या रकमेत लिओनेल मेसीला आपण घेत आहोत. खाली सही. हा नॅपकिन मे २०२४ मध्ये बॉनहॅम्स या लिलावगृहाने ७ लाख ६२ हजार ४०० पौंडांना विकला. आपल्या हिशेबात साधारण आठ कोटी रुपये!

आता याच गोष्टीचं दुसरं टोक. २०२१ च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाच्या डोक्यावर सव्वा अब्ज युरोंहून जास्त कर्ज होतं. मेसीला राहायचं होतं, क्लबाला त्याला ठेवायचं होतं, पण स्पॅनिश लीगच्या पगारमर्यादेत त्याचं नाव नोंदवायला जागा उरली नव्हती. नॅपकिनवर आलेला माणूस ताळेबंदामुळे गेला.

फुटबॉलमध्ये पैसा फार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो कोणत्या वाटेनं येतो, वहीत कसा मांडला जातो आणि शेवटी कुणाच्या अंगावर येतो, हे मला गोलांइतकंच थरारक वाटतं. त्या वाटेवरचे हे किस्से.

पगार दिला म्हणून हकालपट्टी

१८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड हा क्लब एफए कपातून बाहेर फेकला गेला. गुन्हा काय, तर खेळाडूंना पैसे दिले. लंडनच्या अप्टन पार्क क्लबाने तक्रार केली आणि प्रेस्टनचे विल्यम सुडेल यांनी ती सरळ मान्य केली. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू गिरणीकामगार होते. सामन्यासाठी सुट्टी घेतली की रोजंदारी बुडायची. लंडनच्या सुखवस्तू मंडळींना ही अडचण कधी आलीच नव्हती. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, व्यावसायिक फुटबॉलला मान्यता द्यावी लागली. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता लीग आणि कप दोन्ही जिंकणारा संघ होता प्रेस्टन.

मान्यता मिळाली, पण मोकळीक नाही मिळाली. १९०१ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड अशी पगाराची कमाल मर्यादा आली आणि ती थोडीथोडी वाढत साठ वर्षं टिकली. १९६१ मध्ये जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची नोटीस दिली, तेव्हा मर्यादा होती आठवड्याला २० पौंड. ती उठली आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवणारा पहिला खेळाडू झाला. त्याच्या क्लबाचे अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हे व्यवसायाने विनोदी नट. मर्यादा नसती तर मी हेन्सला शंभर दिले असते, असं ते आधी बोलून बसले होते. मर्यादा उठल्यावर त्यांनी शब्द पाळला.

हजार, दहा हजार, दहा लाख

फेब्रुवारी १९०५. मिडल्सब्रो क्लब घसरणीच्या काठावर. त्यांनी संडरलँडकडून आल्फ कॉमन या आघाडीपटूला १,००० पौंडांना घेतलं. वर्तमानपत्रांत गहजब झाला, माणसांची खरेदी-विक्री म्हणजे काय, असे प्रश्न आले. कॉमनने पहिल्याच सामन्यात पेनल्टीवर गोल केला, मिडल्सब्रो १-० ने जिंकलं आणि पुढे वाचलंही. या भावांना आळा घालायला १९०८ मध्ये ३५० पौंडांची मर्यादा आणली गेली. काही महिन्यांतच ती गुंडाळावी लागली.

१९२८ मध्ये आर्सेनलने डेव्हिड जॅकसाठी बोल्टनला १०,८९० पौंड मोजले. आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्याबद्दल त्या वेळची एक गोष्ट सांगतात. बोलणी हॉटेलच्या बारमध्ये ठेवली, वेटरला आधीच गाठलं आणि बजावलं, की पाहुण्यांच्या पेल्यात जिन दुप्पट घाल आणि माझ्या पेल्यात अजिबात नको. पाहुणे खुशीत आले आणि भाव उतरला.

दहा लाखांचा आकडा आला फेब्रुवारी १९७९ मध्ये, ट्रेव्हर फ्रान्सिसच्या रूपानं. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ब्रायन क्लफ पत्रकारांसमोर स्क्वॉशची रॅकेट घेऊनच आले. खेळाडूच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून किंमत ९,९९,९९९ पौंडच आहे, असं ते सांगत. कर आणि इतर आकार धरून रक्कम अकरा लाखांच्या वर गेली होती. तीन महिन्यांनी म्युनिकमध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात फ्रान्सिसने डोक्यानं मारलेला एकमेव गोल निर्णायक ठरला.

आणि मग थेट ऑगस्ट २०१७. नेयमार बार्सिलोनाहून पॅरिसला गेला २२ कोटी २० लाख युरोंना. आधीचा विक्रम पॉल पोग्बाचा, १० कोटी ५० लाख. म्हणजे एका उडीत दुपटीहून जास्त. स्पेनमध्ये करार मोडण्याची रक्कम करारातच लिहिलेली असते आणि कायद्याच्या नजरेत ती खेळाडूनं स्वतः भरायची असते. नेयमारचे वकील पैसे घेऊन स्पॅनिश लीगच्या कार्यालयात गेले, तर लीगने ते घ्यायलाच नकार दिला. मग त्यांनी ते थेट बार्सिलोनाकडे भरले.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. फिफाच्या नियमानुसार अशा आंतरराष्ट्रीय व्यवहारातले पाच टक्के खेळाडूला वयाच्या १२ ते २३ दरम्यान घडवणाऱ्या क्लबांना वाटून द्यावे लागतात. गावाकडच्या एखाद्या छोट्या क्लबाचं मैदान, शॉवर, बस असं सगळं त्या एका चेकमधून उभं राहू शकतं. फिफाचा हा माझा सर्वांत आवडता नियम आहे.

आइस्क्रीम, ट्रॅकसूट आणि कोळंबी

सगळेच व्यवहार नोटांत होत नाहीत. १९२७ मध्ये मँचेस्टर युनायटेडने स्टॉकपोर्टकडून ह्यू मॅक्लेनहन मिळवला, तो आइस्क्रीमच्या मोबदल्यात. स्टॉकपोर्टला निधी जमवायला बाजार भरवायचा होता आणि युनायटेडच्या लुई रोका यांच्या घरचा धंदाच आइस्क्रीमचा. झॅट नाइट हा उंचापुरा बचावपटू रशल ऑलिम्पिक या छोट्या क्लबातून फुलहॅमला आला, तेव्हा फुलहॅमचे मालक मोहम्मद अल फायद यांनी कृतज्ञता म्हणून ३० ट्रॅकसूट पाठवले. हा नाइट पुढे इंग्लंडकडून खेळला. आणि २००२ मध्ये नॉर्वेत केनेथ क्रिस्टेन्सन नावाच्या खेळाडूची अक्षरशः तुला झाली. त्याच्या वजनाइतकी ताजी कोळंबी जुन्या क्लबाला मिळाली.

बंद पाकिटं

इटलीत २०१४ पर्यंत एक विलक्षण पद्धत होती. एकाच खेळाडूची निम्मी-निम्मी मालकी दोन क्लबांकडे असायची. मुदत संपली आणि एकमत झालं नाही, तर दोघांनी बंद पाकिटात आकडा लिहून द्यायचा. ज्याचा आकडा मोठा, खेळाडू त्याचा.

१९७८ मध्ये पाओलो रॉसीसाठी अशी पाकिटं फुटली. एका बाजूला युव्हेंटस, दुसऱ्या बाजूला विचेन्झा हा छोटा क्लब. युव्हेंटसने लिहिले होते ८७ कोटी ५० लाख लिरा. विचेन्झाचे अध्यक्ष जुस्सी फारिना यांनी लिहिले होते २६१ कोटींच्या वर. युव्हेंटस जास्त देईल या धास्तीनं त्यांनी तिप्पट रक्कम ओतली होती. देशभर संताप उसळला. पुढच्याच हंगामात विचेन्झा खालच्या श्रेणीत घसरला आणि रॉसी पेरुजाला उसना गेला. पेरुजाने तो खर्च पेलायला एका पास्ता कंपनीचं नाव संघाच्या शर्टवर आणलं. ज्या माणसामुळे एक क्लब बुडाला आणि दुसऱ्याला शेवया विकाव्या लागल्या, त्यानं १९८२ च्या विश्वचषकात सहा गोल करून इटलीला जगज्जेता केलं.

पाकिटाची दुसरी गोष्ट नेपल्सची. १९८४ मध्ये दिएगो मॅराडोनाची नोंदणी करण्याची मुदत संपत आली तरी बार्सिलोनाशी बोलणी अडलेलीच. नापोलीचे अध्यक्ष कोर्रादो फेर्लाइनो यांनी नंतर स्वतः सांगितलं, की त्यांनी लीगच्या कार्यालयात मुदतीत एक पाकीट जमा केलं, ते रिकामं होतं. खरे कागद तयार झाल्यावर त्यांनी पाकीट बदललं. या रिकाम्या पाकिटातून नापोलीची पहिली दोन लीग विजेतेपदं निघाली.

हरणाचं चिन्ह आणि एक इंग्रजी ‘टी’

शर्टवरच्या जाहिराती आज इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की त्यांच्यासाठी किती डोकं लढवावं लागलं ते विसरलं जातं. १९७३ मध्ये जर्मन फुटबॉल संघटनेने शर्टवरच्या जाहिरातीला मनाई केली होती. क्लबाचं स्वतःचं चिन्ह मात्र चालत होतं. आइनट्राख्ट ब्राउनश्वाइगने मग आपलं सिंहाचं चिन्ह बदलून येगरमायस्टर या मद्याच्या बाटलीवरचं हरणाचं डोकंच क्लबाचं चिन्ह म्हणून मंजूर करून घेतलं. संघटनेचा नियम जागच्या जागी राहिला आणि हरीण मैदानात उतरलं.

१९७६ मध्ये इंग्लंडच्या केटरिंग टाउन या छोट्या क्लबाने शर्टवर ‘केटरिंग टायर्स’ छापलं. फुटबॉल असोसिएशनने काढायला लावलं. क्लबाने शब्द कापून फक्त ‘केटरिंग टी’ ठेवलं आणि तो ‘टी’ टाउनचा आहे असं सांगितलं. दंडाची धमकी आली तेव्हा तेही गेलं. तीन वर्षांत लिव्हरपूलच्या छातीवर हिताचीचं नाव झळकत होतं.

२००६ मध्ये बार्सिलोनाने उलटी गंगा वाहवली. शर्टवर युनिसेफचं नाव लावलं आणि त्यासाठी पैसे घेतले नाहीत, उलट वर्षाला १५ लाख युरो युनिसेफला दिले. पाचच वर्षांत कतार फाउंडेशनचं नाव छातीवर आलं, वर्षाला सुमारे तीन कोटी युरोंच्या बोलीवर.

बायकांचे सामने, हिशेबाचं निमित्त

२६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलचं गुडिसन पार्क मैदान. डिक कर लेडीज या प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला ५३,००० माणसं आली आणि हजारो बाहेरून परत गेली. तिकिटांचे पैसे धर्मादाय कामांना जात. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही हे एक कारण. दुसरं कारण असं, की जमलेल्या पैशांतला फार मोठा भाग खर्चापोटी जातो आणि धर्मादायाला कमी उरतो. पुरुषांच्या क्लबांत तेव्हा पगार, बोनस आणि ट्रान्सफरच्या रकमा खुलेआम चालल्या होत्या. ही बंदी उठायला पन्नास वर्षं लागली. आज कुणी स्त्रियांच्या फुटबॉलला प्रेक्षक कमी असं म्हणालं, की मला त्या ५३,००० जणांची आठवण करून द्यावीशी वाटते.

बोसमनचा खटला

जाँ-मार्क बोसमन हा बेल्जियमच्या लिएज क्लबाचा साधा मधल्या फळीतला खेळाडू. १९९० मध्ये करार संपला. क्लबाने नव्या करारात पगार पार कापला. त्याला फ्रान्सच्या डंकर्कला जायचं होतं, पण करार संपला तरी क्लब त्याच्यासाठी रक्कम मागू शकत होता आणि ती डंकर्कला परवडेना. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. करार संपला की खेळाडू मोकळा, आणि युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंवर परकीय म्हणून संख्येची मर्यादा घालायची नाही.

सर्वांत मोठा घाव बसला नेदरलँड्सच्या अजॅक्सला. १९९५ मध्ये स्वतःच्या अकादमीतल्या पोरांच्या जोरावर चॅम्पियन्स लीग जिंकलेला हा संघ दोन वर्षांत फुटला. एडगर डेव्हिड्स गेला, पॅट्रिक क्लायव्हर्ट गेला, दोघेही मिलानला आणि दोघेही फुकट. वाचलेली रक्कम पगारात आणि एजंटांच्या वाट्यात गेली. आज कोट्यवधींचे करार करणारा प्रत्येक खेळाडू बोसमनचं देणं लागतो. खुद्द बोसमनच्या हाती फारसं काही लागलं नाही. खेळ संपला आणि नंतरची वर्षं ओढाताणीत गेली.

घरचं पोर विकलं की नफाच नफा

आता जरा हिशेबाच्या वहीत डोकावू. माझ्या मते आधुनिक फुटबॉल समजून घ्यायचं असेल, तर ऑफसाइडइतकाच हा नियम कळला पाहिजे.

समजा क्लबाने १० कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. वहीत दहा कोटींचा खर्च एकदम पडत नाही. यंत्रावर घसारा धरतात तसा दरवर्षी दोन कोटी धरला जातो. म्हणजे करार जितका लांब, तितका वर्षाचा बोजा हलका. चेल्सीने २०२३ च्या सुरुवातीला एन्झो फर्नांडेसला १० कोटी ६८ लाख पौंडांना घेतलं आणि तब्बल साडेआठ वर्षांचा करार केला. वर्षाचा घसारा सव्वा कोटीच्या आसपास आला. मिखाइलो मुद्रिकलाही तेवढाच लांब करार. हे पाहून यूएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने आणि मग प्रीमियर लीगनेही घसारा फार तर पाच वर्षांत वाटायचा, असं ठरवलं.

विक्रीचं गणित याच्या उलट. विकत घेतलेला खेळाडू विकला, तर वहीतली उरलेली किंमत वजा करून नफा धरतात. पण स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या मुलाची वहीतली किंमत शून्य. त्याला विकलं की आलेला प्रत्येक पौंड नफा. प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ पर्यंत तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंतच तोटा चालत होता. मग हिशेबाचं वर्ष संपता संपता, ३० जूनच्या आत, कुणाला विकायचं? वयाच्या आठव्या वर्षापासून क्लबाचा शर्ट घालणाऱ्या पोराला. चेल्सीने मेसन माउंट आणि कोनर गॅलघर ही आपल्या अकादमीतली पोरंही विकली. जून २०२४ मध्ये चेल्सीने इयन मातसेनला ॲस्टन व्हिलाला विकलं आणि व्हिलाकडून ओमारी केलीमनला घेतलं. दोन्ही क्लबांच्या वहीत नफा उमटला.

नॉटिंगहॅम फॉरेस्टने वेगळी वाट धरली. ब्रेनन जॉन्सन हा त्यांच्याच अकादमीतला मुलगा. ३० जून २०२३ च्या आत त्याला विकलं असतं तर मर्यादा पाळली गेली असती. त्यांनी थांबून सप्टेंबरमध्ये टॉटेनहॅमकडून जास्त भाव मिळवला. क्लबाला पैसे जास्त मिळाले आणि शिक्षाही मिळाली, चार गुण वजा.

चेल्सीने याहून पुढची मजल मारली. क्लबाने मैदानाशेजारची आपली दोन हॉटेलं ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली. कुणाला? आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला. पुढच्या वर्षी महिला संघ सुमारे २० कोटींना विकला, तोही घरातल्या घरात. प्रीमियर लीगच्या नियमात हे बसलं. यूएफाच्या हिशेबात अशी घरगुती विक्री चालत नाही, आणि २०२५ मध्ये यूएफाने चेल्सीला ३ कोटी १० लाख युरोंचा दंड लावला. महिला संघाला ताळेबंदातली भर म्हणून वापरणं मला मनापासून खटकतं.

एक पौंड फक्त

याच चेल्सीला १९८२ मध्ये केन बेट्स यांनी एका पौंडात घेतलं होतं. सोबत कर्जही होतं, हे ओघानं आलंच. २००३ मध्ये रोमन अब्रामोविच यांनी १४ कोटी पौंड मोजले. २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, क्लब विकला गेला अडीच अब्ज पौंडांना. पण विकणाऱ्यांना एक गोष्ट विकता आली नाही. मैदानाची जमीन आणि ‘चेल्सी फुटबॉल क्लब’ हे नाव १९९० च्या दशकापासून चाहत्यांच्या भागधारक संस्थेच्या ताब्यात आहे. मैदान सोडून गेलात तर नाव इथेच ठेवून जा, असा त्यांचा करार आहे.

एका पौंडाची दुसरी गोष्ट वाचवत नाही. मँचेस्टरजवळचा बरी क्लब, स्थापना १८८५. १९०३ च्या एफए कप अंतिम सामन्यात त्यांनी डर्बीला ६-० ने हरवलं. अंतिम सामन्यातला हा सर्वांत मोठा विजय. ११६ वर्षांनी, मे २०१९ मध्ये, मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला ६-० ने हरवून त्याची बरोबरी केली. त्याच्या काही महिने आधी बरी एका पौंडात विकला गेला होता. पगार थकले, नवा मालक पैशांचा पुरावा देऊ शकला नाही, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये क्लबाला लीगमधून काढून टाकलं. अबू धाबीच्या मालकांच्या पैशानं सिटीने जिंकलेला ६-० आणि स्वतःच्या ६-० सह बुडालेला बरी, यांच्यात अंतर जेमतेम पंधरा किलोमीटरचं.

पोर्टस्मथचंही ऐका. २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि २०१० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना असं होणारा हा पहिला क्लब. इंग्लिश फुटबॉलचा नियम असा, की बुडालेल्या क्लबाने आधी खेळाडूंची आणि इतर क्लबांची देणी पूर्ण फेडायची, मग बाकीच्यांना उरलंसुरलं. बाकीच्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सही होती. सामन्याच्या दिवशी प्रथमोपचाराला उभ्या राहणाऱ्या या स्वयंसेवी संस्थेचे सुमारे २,७०० पौंड थकले होते. हा नियम अन्यायाचा आहे, आणि ब्रिटनचं करखातं त्याविरुद्धचा खटला हरलं तरी माझं मत बदलत नाही. पोर्टस्मथला शेवटी त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून वाचवलं.

पुण्याची कोंबडी, लँकेशायरचं मैदान

या सगळ्यात आपला माणूस कुठे, असं कुणी विचारेल. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा लँकेशायरचा जुना क्लब. जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्याने आपल्या गावच्या या क्लबात पैसा ओतला, ॲलन शिअररला आणलं आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकून दाखवली. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला पुण्याच्या वेंकीजने. कुक्कुटपालनात देशभर नाव असलेली आपली कंपनी प्रीमियर लीगमध्ये! ब्लॅकबर्नचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खाताहेत, अशी जाहिरातही आली.

आनंद टिकला नाही. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी क्लबाच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. त्याच सामन्यात संघ घसरला. २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीपर्यंत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबावर ही वेळ पहिल्यांदाच आली होती. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. मालकांनी वर्षानुवर्षं तोटा भरून काढला आणि संघ २०१८ मध्ये वर परत आला. अलीकडे तर भारतातून क्लबाला पैसे पाठवायला मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. लँकेशायरचे चाहते दिल्लीतल्या कोर्टाच्या तारखांवर डोळे लावून बसले, हे कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?

रक्त देऊन वाचवलेला क्लब

जर्मनीत १९९८ पासून ५०+१ असा नियम आहे. क्लबाच्या कंपनीत निम्म्याहून एक मत जास्त सभासदांकडे राहायला हवं. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्गसारखे जुने अपवाद सोडले, तर बाहेरचा धनिक येऊन मालक होऊ शकत नाही.

बर्लिनच्या पूर्व भागातल्या युनियन क्लबाला २००४ मध्ये परवाना टिकवायला पैसे हवे होते. चाहत्यांनी रक्तपेढ्यांत जाऊन रक्त दिलं आणि मिळालेला मोबदला क्लबाला दिला. २००८ मध्ये स्टेडियम मोडकळीला आलं, तर दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी फावडी उचलली आणि सुमारे १,४०,००० तास राबून ते बांधून काढलं. २०२३ मध्ये हाच युनियन चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला.

जर्मन क्लब बुडतच नाहीत असं नाही. बोरुसिया डॉर्टमुंड २००० मध्ये शेअर बाजारात उतरला, उधळपट्टी केली आणि पाचच वर्षांत दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला. त्या काळात पगार भागवायला २० लाख युरो उसने कुणी दिले? कट्टर प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकने. हे गुपित बाहेर आलं २०१२ मध्ये. त्याच वर्षी डॉर्टमुंडने लीग जिंकली आणि जर्मन कपच्या अंतिम सामन्यात बायर्नला ५-२ ने धुतलं.

मालक एकटा असला की काय होतं ते चीनने दाखवलं. ग्वांगझू क्लबाने आठ वेळा चिनी लीग आणि दोनदा आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. मागे एव्हरग्रांड ही बांधकाम कंपनी होती. कंपनी कोसळली आणि जानेवारी २०२५ मध्ये क्लबच बंद झाला.

मडगाव, मुंबई आणि कोल्हापूर

भारतातली एक गोष्ट आपण विसरत चाललो आहोत. २००४-०५ ते २०१२-१३ या सलग नऊ हंगामांत देशाचं लीग विजेतेपद गोवा-महाराष्ट्राबाहेर गेलंच नाही. डेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा आणि मुंबईचा महिंद्र युनायटेड एकदा. डेंपो आणि साळगावकर ही खाणउद्योगातली घराणी. खनिजाच्या पैशातून गोव्यात पिढ्यानपिढ्या फुटबॉल पोसला गेला. महिंद्रने संघ २०१० मध्ये बंद केला. २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यावर नाराज होऊन डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा हे तिघे आय-लीग या देशाच्या लीगमधून बाहेर पडले.

तो आराखडा इंडियन सुपर लीग या नव्या लीगला आय-लीगच्या वर चढवणारा होता. महासंघाने २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना व्यावसायिक हक्क दिले होते. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या गटाने २०१९ मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग घेतले आणि दुसऱ्याच हंगामात संघाने लीग शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. वाटलं, आता पैशाची चणचण संपली. डिसेंबर २०२५ मध्ये ते १५ वर्षांचे हक्क संपणार होते, म्हणून महासंघाने नवी निविदा काढली. एकही बोली आली नाही. हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच होऊ शकला नाही.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मात्र पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ खेळतात आणि पेठच्या पेठ तिकीट काढून गॅलरीत बसते. इथेही आता बक्षिसांच्या रकमा वाढल्या आहेत, बाहेरचे खेळाडू पैसे देऊन आणले जातात. तरीही संघ पेठेचा असतो, तो विकून कुणाला निघून जाता येत नाही. म्हणून विनंती एवढीच, की रात्री जागून प्रीमियर लीग जरूर पाहा, पण हंगाम सुरू झाला की एकदा शाहू स्टेडियमचं, मुंबईत असाल तर कूपरेजचं आणि गोव्यात असाल तर फातोर्ड्याचं तिकीट खिशातल्या पैशानं काढा.